टांग्याची सिस्टर

कुडाळ स्टेशनावर पहाटे गाडी दोन मिनिटं थांबते.
मदरनी पाटी लिहून दिली होती: सिस्टर अग्रिपिना म्हीना.
पाटी धरावी लागली नाही,
सबंध फलाट तिच्याकडेच बघत होता.

"गाव खंयचा?" सवयीने विचारलं,
मग जीभ चावून शुद्धात आलो: "आपलं गाव कोणतं?"
"टांगा."
मला वाटलं, थट्टा करतेय.
जीप जुनी आहे, कबूल, पण घोडा नाही जुंपलेला.
शहर आहे, म्हणाली. समुद्रावर.
त्यांच्यातही बंदराला बंदारी म्हणतात,
दुकानाला दुका, चहाला चाय.
कुणी कुणाचं उचललं, विचारलं मी.
"ते वाऱ्याला विचारा," पुण्यात शिकलेल्या मराठीत ती म्हणाली.

मठाच्या तिठ्यावर चहाला थांबलो.
दाजी राऊळ कपबशी घेऊन आला तो तसाच उभा.
"वेस्ट इंडिजची काय रे, इनास?"
बाकावर कुणीतरी हलक्या आवाजात एक शब्द बोलला.
तिला तो कळला नसावा, असं मी ठरवून टाकलं.
तिने कपाचा कान तेवढा फिरवला.
पैसे द्यायला पर्स उघडली, सुटे निघेनात,
नुसता नाण्यांचा आवाज.
आणि मला ते पोर आठवलं.

चर्चच्या दारात, तीर्थाच्या भांड्याशेजारी,
मातीचं एक काळं पोर गुडघ्यांवर बसलेलं असायचं.
पोटात फट. पैसा टाकला की मान हलवायचं.
"आफ्रिकेतल्या भुकेल्या भावंडांसाठी," पाद्री सांगायचे,
आणि आवय पदराची गाठ सोडून
चार आणे माझ्या मुठीत ठेवायची.
घरी पेजेला फक्त मीठ.
एका आयतवारी मी ते टाकलेच नाहीत.
आवय मागून बघत होती म्हणून
बोटानेच मान हलवली पोराची,
आणि बंदरावर जाऊन गोटीसोडा प्यालो.

आडेलीच्या उतारावर उजाडलं.
"थांबा," ती एकदम म्हणाली.
कुंपणाला घायपात होता.
घायपाताकडे कोण बघतो? ढोरं शिरू नयेत म्हणून लावतात.
तिने पानाच्या टोकाला बोट टेकवलं.
बापाने बत्तीस वर्षं हेच कापलं, म्हणाली,
ह्याचे दोर व्हायचे, जहाजांसाठी.
मग एका सकाळी काटा गेला, डाव्या डोळ्यात.
तेव्हापासून दवाखाने माहीत.

आमचा दवाखाना म्हणजे चौदा खाटा,
डॉक्टर बुधवारी.
मी उगाचच माफी मागत दाखवत होतो,
ही ओल, हा पंखा, हे नळाचं असंच.
तिने विचारलं, औषधांच्या कपाटाची किल्ली कुणाकडे असते?
पहिल्या खाटेवर गुणाजी तांडेल,
साखरेने पाय सडलेला. तिला बघून त्याने तो ओढून घेतला.
ती जमिनीवर बसली. वाट बघत राहिली.
बऱ्याच वेळाने पाय आपणहून खाली आला, तिच्या मांडीवर.
"गे बाय," गुणाजी म्हणाला,
"तुझ्या देशात लोक नाय आजारी?"
"आहेत ना," ती पट्टी सोडवत म्हणाली.
"तिकडे पोलंडची एक सिस्टर आहे."
गुणाजी इतका हसला की खोकला लागला.

संध्याकाळी मी जीप धूत होतो.
ती आली. सकाळच्या चहाचे किती?
राहू दे, म्हटलं.
हिशेब राहिला की झोप लागत नाही, म्हणाली.
मला लागते.
चाळीसहून अधिक वर्षं लागत आली आहे.
तिने माझा ओला हात धरला,
मुठीत वीस रुपये ठेवले,
आणि माझी मान हलली,
आपोआप.